"बाबा, एक शब्दही नको!"

माझ्या सूनबाईने माझ्यावर आवाज चढविला, असा प्रसंग आजवर एकदाच घडला. तोही मुंबईत नव्हे. लंडनच्या हॅरो नावाच्या उपनगरात, तिच्या स्वयंपाकघरात. रात्रीचे साडेआठ वाजले होते, तरी बाहेर अजून स्वच्छ उजेड होता. सौ. तव्यावरून थालीपीठ काढीत होती. मी सूनबाईला एवढेच म्हणालो, "तुला एक गोष्ट सांगायची होती. त्या मुलाबद्दल—"

"बाबा, एक शब्दही नको!" ती म्हणाली आणि भरल्या पानावरून उठून माडीवर निघून गेली.

चिरंजीव माझ्याकडे पाहू लागले. सौ.ने हातातले उलथणे खाली ठेवले. सदतीस वर्षे बँकेत नोकरी केलेला, चार लोकांत शहाणा म्हणून वावरणारा मी, शाळेत छडी खाल्लेल्या मुलासारखा गप्प बसलो.

सासू-सुनेच्या भांडणाच्या कथा वाचकांनी पुष्कळ वाचल्या असतील. हे सासऱ्या-सुनेचे प्रकरण निराळे आहे. त्यात चूक सर्वस्वी माझी होती. ती निस्तरायची पाळी आली असती, तर मात्र मला नव्हे, एका परक्या तरुणाला ती भोगावी लागली असती. म्हणून ही हकीगत पहिल्यापासून सांगतो.

सरकारी पाकीट

आम्ही उभयता गेल्या उन्हाळ्यात मुलाकडे गेलो, त्याच्या आधीच सूनबाईच्या नावाने सरकारी पाकीट आले होते. ज्यूरीवर हजर राहण्याचे ते बोलावणे होते. मला मोठे नवल वाटले. "अग, तुझा पासपोर्ट अजून आपल्या देशाचा. तुला कसे बोलावले?" मी विचारले. तिने सांगितले, की इंग्लंडात राहणाऱ्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना तिथे मताचा अधिकार मिळतो. ज्यांचे नाव मतदारयादीत आहे आणि जे पुरेशी वर्षे त्या देशात राहिले आहेत, त्यांच्यातूनच चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ज्यूरीची नावे निघतात. अमेरिकेत मात्र ज्यूरर व्हायला तिथले नागरिकत्व लागते.

साधारणपणे दहा दिवसांचे हे काम. बारा माणसे, कोणी शिक्षक, कोणी बस चालविणारा, कोणी दुकानात उभी राहणारी मुलगी. कायद्याचे ज्ञान नसले तरी चालते. त्यांनी साक्षी-पुरावे ऐकायचे, न्यायाधीश कायदा समजावून सांगतात तो ऐकायचा आणि बंद खोलीत बसून एकच ठरवायचे: आरोपी दोषी आहे की नाही.

पहिल्या दिवशी संध्याकाळी सूनबाई घरी आली ती गंभीर होऊनच. तिने आम्हां तिघांना समोर बसविले आणि सांगितले, "मी कोणत्या खटल्यावर आहे हे विचारायचं नाही. मी काही सांगणार नाही. तुम्हीही मला काही सांगायचं नाही. पेपरातलं नाही, फोनवरचं नाही, शेजारच्यांनी म्हटलेलं नाही."

मग तिने आपला मोबाईल काढला, फेसबुक आणि व्हॉट्सॲप दोन्ही त्यावरून पुसून टाकली आणि म्हणाली, "खटला संपेपर्यंत माझ्यासाठी ही दोन्ही मेली."

मला हसू आले. पण लगेच हसू थांबलेही. कारण असेच दृश्य मी पूर्वी एकदा पाहिले होते.

सुतळीने बांधलेले पेपर

मी सात-आठ वर्षांचा असेन. आम्ही गिरगावात चाळीत राहत होतो. माझे वडील एका पेढीवर कारकून होते. त्यांना सेशन्स कोर्टात ज्यूरीवर बोलावणे आले. मुंबईत तेव्हा ज्यूरीपुढे खटले चालत. 'ज्यूरी' हा शब्द आमच्या घरात नवा नव्हता. 1908 साली लोकमान्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली, ती नऊ ज्यूररपैकी सात जणांनी दोषी म्हटल्यामुळे, हे आजोबा आम्हां मुलांना दर उन्हाळ्याच्या सुटीत न चुकता सांगत.

वडिलांचा खटला आठ दिवस चालला. त्या आठ दिवसांत दारात पडलेला पेपर ते उचलीत, उघडीत नसत. घडी न मोडता पलंगाखाली ठेवीत. आई म्हणे, "अहो, निदान बाजारभाव तरी बघा." ते मान हलवीत. आठव्या दिवशी निकाल लागला. घरी येऊन त्यांनी चहा घेतला, पलंगाखालून आठही पेपर काढले, त्यांची सुतळी सोडली आणि दिवाबत्तीपर्यंत ते ओळीने वाचून काढले. आईने विचारले, "काय झालं हो कोर्टात?"

"कोर्टात झालं ते कोर्टातच राहिलं," एवढेच ते म्हणाले. आयुष्यभर त्या खटल्याबद्दल दुसरे अक्षर त्यांच्या तोंडून निघाले नाही.

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी नानावटी प्रकरण झाले.

चाळीने दिलेला निकाल

ज्या वाचकांनी ते दिवस पाहिले नाहीत, त्यांना ती हवा सांगून समजणे कठीण. 27 एप्रिल 1959 रोजी नौदलातील अधिकारी कमांडर कावस नानावटी यांनी आपल्या पत्नीचा प्रियकर प्रेम आहुजा याला त्याच्या घरात गोळ्या घातल्या आणि ते स्वतः होऊन पोलिसांच्या स्वाधीन झाले. सेशन्स कोर्टात नऊ जणांच्या ज्यूरीपुढे खटला उभा राहिला. पण त्याआधी आणि त्याबरोबर दुसरा एक खटला चालू होता, तो छापील कागदावर. रुसी करंजिया यांच्या 'ब्लिट्झ' साप्ताहिकाने नानावटींची बाजू उचलून धरली. देशासाठी समुद्रावर गेलेला सरळ सैनिक आणि त्याच्या पाठीमागे त्याचे घर फोडणारा श्रीमंत विलासी तरुण, असे ते चित्र होते. चार आण्यांचा अंक दोन-दोन रुपयांना विकला जातो, असे लोक सांगत.

आमच्या चाळीत इंग्रजी नीट जाणणारे गृहस्थ दोनच. ते गॅलरीत उभे राहून अंक वाचीत आणि मराठीत समजावून सांगत. आम्हां पोरांच्या हातांत 'नानावटी पिस्तुले' होती. मी स्वतः दहाव्या वर्षी दिवसातून चार वेळा नानावटी होत असे आणि चार वेळा निर्दोष सुटत असे. आहुजा व्हायला कोणी तयार नसे. ते काम नेहमी लहान भावाकडे.

एका संध्याकाळी गॅलरीत असाच निकाल लागला: 'सुटलाच पाहिजे!' सगळ्यांनी माना डोलावल्या. वडील कोपऱ्यात उभे होते. ते म्हणाले, "त्या नऊ जणांच्या घरीही पेपर येतच असेल ना?"

कोणी उत्तर दिले नाही. मग जरा वेळाने, जणू स्वतःशीच, ते म्हणाले, "पेपर सुतळीने बांधून ठेवता येतो हो. चाळ कशी बांधून ठेवायची?"

ऑक्टोबर 1959 मध्ये ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी नानावटींना निर्दोष ठरविले. न्यायाधीश मेहता यांना तो निर्णय मान्य झाला नाही. पुरावा पाहता कोणत्याही समंजस माणसांना असा निष्कर्ष काढता येणार नाही, असे मत देऊन त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठविले. उच्च न्यायालयाने 1960 साली नानावटींना जन्मठेप दिली आणि नोव्हेंबर 1961 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. पुढे 1964 साली राज्यपालांनी त्यांना माफी दिली.

त्या आठ जणांच्या मनावर पेपरांचा परिणाम झाला होता काय? झाला असे म्हणणारे पुष्कळ. पण ते सिद्ध करणे शक्य नाही, कारण ज्यूरी आपल्या निर्णयाची कारणे सांगत नाही. न्यायाधीश निकालपत्र लिहितो. त्याचे कुठे चुकले ते वरच्या कोर्टाला दाखविता येते. ज्यूरर फक्त 'दोषी' किंवा 'निर्दोष' म्हणतो. त्याच्या मनात काय शिरले होते आणि ते कोणत्या दाराने शिरले, हे कोणालाच कळत नाही. म्हणून ती दारे आधीच बंद ठेवावी लागतात.

नानावटी खटल्यामुळे आपल्याकडील ज्यूरी गेली, असे सर्रास सांगतात. ते पुरते खरे नव्हे. विधी आयोगाने 1958 सालीच, म्हणजे या खटल्याच्या आधी, ज्यूरी बंद करण्याची शिफारस केली होती. काही ठिकाणी ती नंतरही चालू राहिली. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत मात्र तिला जागा उरली नाही. आज तिची आठवण राहिली आहे ती पारशी विवाह न्यायालयात; तिथे अजून न्यायाधीशांच्या मदतीला समाजाचे पाच प्रतिनिधी बसतात.

खिशातली चाळ

हे सारे मला हॅरोला आठवले, आणि वडिलांचा तो प्रश्न नव्या रूपात पुढे उभा राहिला. त्यांच्या वेळी चाळ गॅलरीत होती; दार लावले की आवाज तरी कमी होई. आज ती प्रत्येकाच्या खिशात आहे. ती रात्री झोपत नाही, दार वाजवीत नाही, आणि विचारल्याशिवाय मत देते.

चिरंजीवांनी मला काही प्रकरणे सांगितली. 2008 साली इंग्लंडातच एका ज्यूरर बाईला निर्णय करता येईना. तिने खटल्याची हकीगत फेसबुकवर टाकली आणि मित्रमंडळींचे मत मागविले! कोर्टाला कळताच तिला ज्यूरीतून काढून टाकले.

2011 साली दुसऱ्या एका बाईला आठ महिन्यांची कैद झाली. मँचेस्टरला मादक पदार्थांचा मोठा खटला चालू होता. त्यातील एक आरोपी स्त्री सुटली होती, इतरांबद्दल ज्यूरीचा विचार अजून चालू होता. अशा वेळी या ज्यूरर बाईने सुटलेल्या स्त्रीशी फेसबुकवर गप्पा सुरू केल्या. ज्यूरी बरखास्त करावी लागली.

2012 चे प्रकरण मला जास्त लागले, कारण त्यातली ज्यूरर विद्यापीठात शिकविणारी, म्हणजे आपल्यासारख्याच घरातली. तिने घरी बसून आरोपीचे नाव इंटरनेटवर शोधले. त्याच्यावर पूर्वी झालेल्या एका आरोपाची बातमी सापडली. दुसऱ्या दिवशी तिने ती इतर ज्यूररांना सांगितली. त्यांच्यातल्याच एकाने कोर्टाला कळविले. बाईला सहा महिन्यांची शिक्षा झाली. पण खरी शिक्षा दुसऱ्याच कुणाला झाली. खटला पुन्हा पहिल्यापासून चालवावा लागला, आणि ज्या माणसाने मार खाल्ला होता, त्याला पुन्हा एकदा पिंजऱ्यात उभे राहून ती सारी हकीगत सांगावी लागली.

अमेरिकेतील आर्कान्सा राज्यात तर खुनाच्या खटल्यात एक ज्यूरर ट्विटरवर लिहीत राहिला. न्यायाधीशांनी बजावल्यावरही त्याने ते सोडले नाही. त्याच खटल्यात दुसरा एक ज्यूरर झोपला होता. 2011 साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने या दोन कारणांनी निकाल आणि देहान्ताची शिक्षा दोन्ही रद्द केली आणि खटला नव्याने चालवायला सांगितला.

इंग्लंडात 2015 साली कायदाच झाला. ज्यूररने आपल्या खटल्याविषयी स्वतः शोध घेणे किंवा अशी माहिती दुसऱ्या ज्यूररला देणे हा गुन्हा ठरला. दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

माझे संशोधन

एवढे कळूनही मी काय केले ते आता सांगतो.

खटला सुरू होऊन आठवडा झाला. सूनबाई दिवसेंदिवस वाळत चालली. रात्री तिच्या खोलीतला दिवा उशिरापर्यंत जळे. सौ. म्हणाली, "पोरीच्या जिवाला घोर लागलाय. कुणाचं तरी आयुष्य हातात घेऊन बसलीय ती." मला वाईट वाटले. आणि रिकामटेकड्या म्हाताऱ्याला वाईट वाटले की तो काहीतरी करायला जातो.

त्या भागातील रहिवाशांचा फेसबुकवर एक गट आहे. चिरंजीवांच्या टॅब्लेटवर तो माझ्या नजरेस पडला. त्यात एका खटल्याची चर्चा होती. रात्रीच्या मारामारीत एकजण जबर जखमी झाला होता. आरोपी तरुण होता. कोर्ट तेच आणि सुरुवातीचा दिवसही तोच. मी तर्क केला: हाच तो खटला. गटात नाना प्रकारची मते होती; 'असल्यांना सोडू नका' हे सर्वांत सौम्य. इकडे आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटात डोंबिवलीच्या भाच्याने विचारलेच, "मामा, वहिनी ज्यूरीवर आहे ना? गुन्हेगाराला टांगा म्हणावं!"

मी आरोपीचे नाव गूगलवर घातले. तिसऱ्याच ओळीत जुनी बातमी निघाली. सात वर्षांपूर्वी त्याच नावाच्या माणसाला सुरा मारल्याबद्दल कैद झाली होती! मला वाटले, झाले, सुटले कोडे. ही बिचारी उगीच रात्र रात्र जागते आहे. एका वाक्यात तिच्या मनावरचे ओझे उतरेल.

आणि त्या रात्री थालीपीठ होत असताना मी तोंड उघडले.

ती उठून गेल्यावर चिरंजीव शांतपणे म्हणाले, "बाबा, तुम्ही सांगून टाकलं असतंत तर तिला उद्या न्यायाधीशांना कळवावं लागलं असतं. कदाचित अख्खा खटला पुन्हा चालला असता. तुमच्यावर न्यायालयाच्या अवमानाचा ठपका आला असता तो वेगळाच."

"पण खरी गोष्ट सांगायला काय हरकत?" मी हट्टाने म्हणालो.

"खरी आहे हे कोण ठरवणार? कोर्टात जे सांगतात त्याला समोरचा वकील उलट प्रश्न विचारतो. आधीची शिक्षासुद्धा न्यायाधीशांनी परवानगी दिली तरच ज्यूरीपुढे येते. मग आरोपीला तिला उत्तर देता येतं. तुम्ही थालीपिठाबरोबर जे वाढणार होतात, त्याला त्यानं उत्तर कुठं द्यायचं?"

मला झोप आली नाही. मध्यरात्री उठून मी ती बातमी पुन्हा उघडली. या वेळी शेवटपर्यंत वाचली. सात वर्षांपूर्वीच्या त्या कैद्याचे वय तिथे दिले होते: चौतीस. फेसबुकवरच्या चर्चेत आजच्या आरोपीचे वय होते सव्वीस.

वाचकहो, ही तिसरीतली वजाबाकी आहे. सात वर्षांपूर्वी चौतीस वर्षांचा असलेला माणूस आज सव्वीस वर्षांचा होत नाही. नाव एक, माणसे दोन. जन्मभर ज्याने बँकेत दुसऱ्यांच्या वजाबाक्या तपासल्या, त्याला घाईत एवढी वजाबाकी सुचली नव्हती. सूनबाईने आणखी दोन शब्द ऐकून घेतले असते, तर एका परक्या मुलाच्या नावावर दुसऱ्याच कुणाचा सुरा चढला असता. आणि तो मुलगा पिंजऱ्यात उभाच राहिला असता, आपल्याविरुद्ध काय सांगितले गेले याचा पत्ता नसताना.

शिवाय तिचा खटला तोच होता, हाही माझा तर्कच! आजपर्यंत मी तिला ते विचारलेले नाही.

आपल्याला काय त्याचे?

आपल्याकडे ज्यूरी नाही, मग हे पुराण कशाला, असे कोणी म्हणेल. दोन कारणांसाठी. एक तर आपली मुले-सुना आज परदेशी स्थायिक होत आहेत, आणि कधी ना कधी तसले पाकीट त्यांच्या दारात पडणार आहे. अशा वेळी इथून आपण 'काय झाले ग?' म्हणून फोन करू नये, बातम्या पाठवू नयेत, सल्ले देऊ नयेत. आठ-दहा दिवस कुटुंबाच्या गटातून त्यांना रजा द्यावी. तीही एक मदतच आहे.

दुसरे कारण जवळचे आहे. आपल्या कोर्टात न्यायाधीश कारणे लिहून निकाल देतो हे खरे. पण साक्षीदार चाळीतच राहतो. तपास करणारा अंमलदार संध्याकाळी दूरदर्शन संच लावतोच. जानेवारी 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही बजावले, की प्रसारमाध्यमांनी चालविलेल्या खटल्यांमुळे न्यायदानात अडथळा येतो. आणि कोर्टातून निर्दोष सुटून आलेल्या माणसाला ज्या गल्लीत राहायचे असते, त्या गल्लीने निकाल कधीच दिलेला असतो. तिथे अपील नाही.

पुन्हा सुतळी

निकाल लागला त्या दिवशी सूनबाई दुपारीच घरी आली. निकाल काय होता ते मी लिहीत नाही. बंद खोलीत काय बोलणे झाले ते तिला जन्मभर कोणाला सांगता येणार नाही. कायदाच तसा आहे.

सौ.ने तिच्यापुढे चहा ठेवला. मी म्हणालो, "सूनबाई, त्या दिवशी चुकलो. माफ कर."

"मीच पानावरून उठायला नको होतं बाबा," ती म्हणाली. "पण तुम्ही पुढचं बोलला असतात, तर मला ते कधीच विसरता आलं नसतं. खोटं असतं तरीसुद्धा."

मग तिने मोबाईल उघडला. दोन आठवड्यांचे निरोप त्यात साचले होते; वाढदिवस, बारसे, डोंबिवलीच्या भाच्याचा सल्ला, सारे काही. चहा गार होत होता, आणि ती एकेक निरोप शांतपणे वाचीत होती.

मला पलंगाखालचे ते आठ पेपर आठवले, आणि सुतळी सोडणारे वडिलांचे हात.